घराजवळच्या वाढलेल्या शोभेच्या झाडांची छाटणी : नागपूरच्या हवामानात केव्हा, किती आणि कशी

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वाधिक तापलेले नऊ दिवस, सुरू असताना एखाद्या संध्याकाळी धुळीचे वादळ येऊन जाते, शेजारच्या गुलमोहराची फांदी कुणाच्या तरी गाडीवर पडते आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या ले-आउटमधील मंडळींना आपापल्या अंगणातील झाडांची आठवण होते. कुऱ्हाड आणि दोर घेतलेले मजूर दारावर येतात, तासाभरात झाडाचे मुंडन करून जातात, आणि "आता पावसाळाभर काळजी नाही" असे म्हणून घरमालक समाधानाने आत जातो. नागपुरात झाडांची जी सर्वाधिक हानी होते ती वादळाने नव्हे, तर वादळाच्या भीतीने केलेल्या या घाईच्या छाटणीने होते, असे माझे अनेक वर्षांच्या निरीक्षणानंतरचे मत आहे. पारा 45 अंशांच्या पुढे गेलेला असताना झाडाच्या डोक्यावरची सावली काढून घेतली की आजवर कधीही थेट ऊन न पाहिलेली साल भाजते, तडकते, आणि पंधरा-वीस दिवसांत मृगाचा पाऊस आला की त्याच तड्यांतून बुरशी आत शिरते.

त्यामुळे पहिला नियम वेळेचा आहे. आपल्याकडे वाढलेल्या झाडांची मोठी छाटणी मकर संक्रांत ते होळी या काळात उरकावी. थंडी ओसरू लागलेली असते, हवा कोरडी असते, बहुतेक पानझडी झाडे विश्रांतीत किंवा पानगळीत असल्यामुळे फांद्यांची रचना स्पष्ट दिसते, आणि वसंतातील नवी फूट लगेच येणार असल्यामुळे जखमेच्या कडेची वाढही लवकर सुरू होते. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे मोसमी पाऊस स्थिरावेपर्यंत, हिरव्या फांद्यांना हात लावू नये. पावसाळ्यात मेंदी, कामिनी, डुरांटा यांसारख्या कुंपणांची वरवरची कातरणी चालते. मनगटाएवढ्या जाडीचे काप मात्र ओल्या हवेत घेऊ नयेत, कारण कापलेला भाग वाळत नाही आणि शेवाळलेल्या खोडावर चढणाऱ्याचा पायही घसरतो. पूर्ण वाळलेली फांदी याला अपवाद आहे. ती जेव्हा दिसेल तेव्हा काढावी.

झाड जखमेचे काय करते

माणसाची जखम भरते तेव्हा जुन्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात. झाडात असे होत नाही. अमेरिकेच्या वन विभागातील शास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली आणि दाखवून दिले की झाड जखमी लाकूड दुरुस्त करत नाही, ते त्याच्याभोवती भिंती उभारून त्याला बंदिस्त करते आणि नंतर बाहेरून नवे लाकूड चढवते. याचा व्यवहारातील अर्थ असा की आज घेतलेला प्रत्येक काप त्या झाडाच्या पोटात त्याच्या अखेरपर्यंत राहणार आहे. काप लहान असेल आणि योग्य जागी असेल तर भिंत लवकर उभी राहते. खोडाच्या मध्यभागापर्यंत जाणारा मोठा काप असेल तर कूज भिंतीच्या आधी पोहोचते.

मुंडन वाईट का, याचेही उत्तर यातच आहे. जाड फांद्या मधूनच तोडल्या की टोकाशी कूज सुरू होते आणि त्याच टोकाच्या सालीखालून पाच-दहा सरळसोट फुटवे उसळतात. संत्र्याच्या बागेत यांना पाणसोट म्हणतात. हे फुटवे मूळ फांदीच्या लाकडात खोलवर रुजलेले नसतात, वरवर चिकटलेले असतात. तीन-चार वर्षांत ते मनगटाएवढे होतात, झाड पुन्हा पूर्वीइतके उंच दिसू लागते, फरक एवढाच की आता त्या उंचीचा सगळा भार कुजक्या टोकांवर तोललेला असतो. माझ्या स्वतःच्या अंगणातील गुलमोहराचे मी एकदा जूनच्या तोंडावर असेच मुंडन करवून घेतले होते. तिसऱ्या वर्षीच्या वादळात त्यातील एक पाणसोट खोडाची हातभर साल सोलून घेऊन खाली आला. मूळ फांदी तशीच ठेवली असती तर ती कदाचित आजही वर असती.

हत्यार हाती घेण्यापूर्वी

झाडापासून त्याच्या उंचीइतके दूर जाऊन चारही बाजूंनी ते पाहावे, मोबाइलवर छायाचित्रे काढावीत आणि आपली नेमकी तक्रार काय आहे ते स्वतःशी स्पष्ट करावे. "झाड फार वाढले आहे" ही तक्रार नव्हे. फांदी गच्चीच्या कठड्यावर घासते, गाडी लावताना डोक्याला लागते, खिडकीतून उजेड येत नाही, तारांना टेकते, शेजाऱ्याच्या टाकीत पाने पडतात, या तक्रारी आहेत, आणि यांतील प्रत्येकीवर बहुधा दोन किंवा तीन फांद्या काढणे एवढाच उपाय असतो. घराच्या पश्चिमेला असलेल्या झाडाबाबत विशेष सावध राहावे. दुपारी तीननंतर तापणारी भिंत त्या झाडाच्या सावलीत असते, आणि ती सावली गेल्यानंतर कूलर किती कमी पडतो हे मे महिन्यातच कळते. अशा झाडाची उंची आणि घेर शक्य तितका राखून फक्त भिंतीला व छपराला टेकणाऱ्या फांद्या मागे घ्याव्यात.

नंतर बुंध्याकडे पाहावे. बुंध्याशी किंवा उघड्या मुळांवर टणक, तपकिरी, लाकडी कपासारखी छत्री उगवलेली दिसली, तर मुळांत बुरशीने घर केले असण्याची दाट शक्यता असते. गुलमोहर आणि सोनमोहर यांना हा रोग वरचेवर होतो. अशा झाडावर कोणालाही चढवू नये आणि छाटणीचा बेत सोडून आधी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. बुंध्याभोवतीची काळी माती एका बाजूने उचललेली किंवा नव्याने भेगाळलेली दिसणे, खोड पूर्वीपेक्षा कललेले वाटणे, खोडावर हातोडीच्या दांड्याने ठोकल्यास पोकळ आवाज येणे, हीदेखील त्याच प्रकारची चिन्हे होत. खोडावर लाकडाच्या भुशाची व विष्ठेची जाळीदार नळी दिसली तर ती साल खाणाऱ्या अळीची असते. ती ब्रशने झाडून काढली की खाली तिचे छिद्र सापडते, त्यात तार घालून अळी मारावी आणि छिद्र चिखलाने लिंपावे.

घरटी पाहणे हे केवळ भूतदयेचे काम नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी यांना पोहोचवलेला उपद्रव मोडतो. फेब्रुवारीत बहुतेक पक्ष्यांचा विणीचा हंगाम भरात आलेला नसतो, हेही त्या महिन्याचे एक सोयीचे कारण आहे.

परवानगीविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. झाड आपल्या प्लॉटवर आहे आणि आपणच लावले आहे म्हणून ते कसेही कापता येते, असे नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 खासगी आवारातील झाडांनाही लागू आहे, आणि त्यात झाड तोडणे या संज्ञेत ते जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे हेही धरलेले आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण आहे. धरमपेठ किंवा सिव्हिल लाइन्समधील जुन्या बंगल्यांच्या आवारात अशी झाडे सहज आढळतात. त्यामुळे बोटाएवढ्या फांद्यांपलीकडचे काम असेल तर छायाचित्रे जोडून महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा आणि लेखी उत्तर जपून ठेवावे. फांदी विजेच्या तारेपासून तीन मीटरच्या आत असेल तर ते काम आपले नाहीच. वीज कंपनीला कळवून प्रवाह बंद करवून घ्यावा लागतो. ओली फांदी आणि अॅल्युमिनियमची शिडी या दोन्हींतून वीज वाहते.

तीन वर्षांचा आराखडा

दहा वर्षांत वाढलेले झाड एका दिवसात आटोक्यात आणण्याचा हट्ट सोडला की अर्धे काम सोपे होते. एका वर्षात हिरव्या पानोऱ्याच्या, म्हणजे पानांच्या एकूण पसाऱ्याच्या, चौथ्या हिश्शाहून अधिक भाग काढू नये, आणि झाड म्हातारे किंवा आजारी असेल तर दहाव्या हिश्शावर थांबावे. पाने हे झाडाचे स्वयंपाकघर आहे. ते एकदम बंद केले तर झाड खोडात व मुळांत साठवलेले अन्न खर्चून घाईने पाणसोट फोडते, आणि तो साठा संपलेला असतानाच उन्हाळा उभा राहतो.

पहिल्या वर्षी फक्त सल काढावी. संत्रा बागायतदार वाळलेल्या काड्या-फांद्यांना सल म्हणतात आणि बहार धरण्यापूर्वी ती काढणे हे आपले नेहमीचे काम समजतात. बंगल्यातील गुलमोहराला मात्र हा मान मिळत नाही. पानगळीच्या दिवसांत सल ओळखणे अवघड वाटल्यास नखाने साल किंचित खरवडावी, खाली हिरवे दिसले तर फांदी जिवंत आहे. सलीबरोबर मोडलेल्या, लोंबकळणाऱ्या आणि एकमेकींवर घासून साल गेलेल्या फांद्या काढाव्यात. घासणाऱ्या दोघींपैकी ज्या फांदीची दिशा बाहेरची आहे ती ठेवावी. याच वर्षी बांडगूळही काढावे. ते वरवर ओरबाडून उपयोग होत नाही, कारण त्याची शोषक मुळे यजमान फांदीच्या आत पसरलेली असतात. फांदी त्याच्या बैठकीपासून हातभर अलीकडे, खोडाच्या बाजूने कापावी लागते. फुलटोच्या पक्षी त्याची चिकट फळे खाऊन बिया दुसऱ्या फांदीवर पुसतो, म्हणून शेजाऱ्याच्या आंब्यावर बांडगूळ असेल तर त्यालाही नम्रपणे सांगावे. अनेक झाडे एवढ्या सफाईनेच इतकी मोकळी दिसू लागतात की पुढच्या दोन वर्षांचा आराखडा बदलावा लागतो.

दुसऱ्या वर्षी रचनेकडे वळावे. एकाच जागेवरून दोन सारख्या जाडीची खोडे वर गेली असतील आणि त्यांच्या बेचक्यात साल आत दुमडलेली दिसत असेल, तर ती जागा वादळात उभी फाटते. त्यांपैकी एकाला आखूड करून दुय्यम करावे. खालच्या फांद्या उचलायच्या असतील तर झाडाच्या एकूण उंचीच्या वरच्या दोन-तृतीयांश भागात पानोरा राहील इतपतच उचलाव्यात. आतल्या सगळ्या बारीक फांद्या खरडून फक्त टोकाला पानांचा झुपका ठेवण्याची पद्धत मजुरांना आवडते, कारण झाड स्वच्छ दिसते. परंतु त्यामुळे सारे वजन टोकाला जाते आणि फांदी गळाच्या काठीसारखी वाकून मोडते.

उंची आणि घेर कमी करणे तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावे. लांब फांदी आखूड करताना ती मधूनच कोठेही तोडू नये. तिच्यावर मागे अशी एक उपफांदी शोधावी की जिची जाडी कापाच्या जागेच्या जाडीच्या किमान एक-तृतीयांश आहे आणि जिची दिशा आपल्याला हवी तशी आहे. तिच्या लगेच पुढे काप घ्यावा. मग रस त्या उपफांदीकडे वळतो, तीच नवे टोक होते आणि पाणसोटांचा उद्रेक होत नाही. अशी उपफांदी सापडत नसेल तर ती लांब फांदी खोडापासून पूर्ण काढणे अधिक बरे.

काप कसा घ्यावा

सारे कौशल्य येथे आहे, म्हणून यावर थोडे थांबतो. फांदी जेथे खोडातून निघते तेथे खालच्या बाजूला एक फुगीर कडे दिसते, आणि वरच्या बाजूला बेचक्यात सालीची सुरकुतलेली, गडद, उंचावलेली रेघ असते. ते फुगीर कडे म्हणजे फांदीची गादी. ती खोडाची असते, फांदीची नव्हे. कूज रोखणारी भिंत तेथेच उभी राहते. म्हणून काप रेघेच्या किंचित बाहेरून सुरू करून गादीच्या किंचित बाहेर संपवावा. बहुतेक वेळा हा काप खोडाला समांतर नसतो, खाली येताना बाहेरच्या बाजूला कललेला असतो. खोडाशी गुळगुळीत घासून कापले तर गादीच जाते आणि जखम दुप्पट मोठी होते. उलट वीतभर खुंट ठेवला तर झाड त्याच्यावर साल चढवू शकत नाही, तो वाळतो, कुजतो आणि वाळवीला खोडात जाण्याचा जिना मिळतो. काप बरोबर बसला की पुढच्या पावसाळ्यापर्यंत जखमेभोवती सर्व बाजूंनी सारख्या जाडीचे गोल कडे उमटू लागते. कडे फक्त दोन बाजूंना आले आणि वर-खाली आले नाही, तर काप खोडाच्या फार जवळ गेला होता असे समजावे आणि पुढच्या वेळी सुधारावे.

अंगठ्याहून जाड फांदी एका कापात काढू नये. दहा सेंटिमीटर जाडीच्या तीन मीटर लांब ओल्या फांदीचे नुसते लाकूड वीस किलोच्या वर भरते, पाने वेगळी. असा भार अर्धवट कापल्यावर आपोआप खाली झुकतो आणि खोडाची साल खालपर्यंत सोलत नेतो. म्हणून तीन काप घ्यावेत. पहिला खोडापासून साधारण 30 सेंटिमीटर अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने वरच्या दिशेने, जाडीच्या पावपट ते तृतीयांशापर्यंत. करवत अडकू लागली की थांबावे. दुसरा त्याच्या चार-पाच सेंटिमीटर पुढे, टोकाच्या बाजूला, वरून खाली. फांदी येथे सुटते आणि फाटलीच तर पहिल्या कापापाशी थांबते. आता हाती वजन नसलेला खुंट उरतो, तो तिसऱ्या कापाने गादीच्या बाहेर सावकाश उतरवावा, शेवटी दुसऱ्या हाताने खुंटाला आधार द्यावा. खाली कौले, टाकी किंवा गाडी असेल तर दुसऱ्या कापापूर्वी फांदीला दोरखंड बांधून तो वरच्या भक्कम बेचक्यातून घ्यावा आणि खालच्या माणसाने ढील देत फांदी उतरवावी.

हत्यारांविषयी थोडक्यात. बोटाएवढ्या फांद्यांना एकमेकांवरून सरकणाऱ्या पात्यांचे सिकेटर (छाटणीची हातकात्री) घ्यावे. सपाट पट्टीवर पाते आदळणारे सिकेटर सल काढण्यास ठीक, हिरवी फांदी मात्र ते चेचते. तीन-चार सेंटिमीटरपर्यंत लांब दांड्याचे लॉपर चालते आणि त्यापुढे वाकड्या पात्याची, ओढताना कापणारी करवत. कोयता व कुऱ्हाड खाली पडलेल्या फांद्यांचे तुकडे करण्यापुरती ठेवावीत, कारण त्यांचा घाव कोठे बसेल हे चालवणाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाती स्पिरिटच्या बोळ्याने पुसावीत. डोळ्यांना चष्मा, डोक्याला हेल्मेट, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा असल्याशिवाय काम सुरू करू नये. जमिनीवर उभे राहून किंवा तिकाटण्याच्या शिडीवरून जेथवर हात पोहोचतो तेथवरच घरच्या माणसाने काम करावे.

जखमेवर काय लावावे

स्वच्छ, योग्य जागी घेतलेल्या कापाला काहीही लावण्याची गरज नसते. रंग किंवा लेप लावल्याने कूज थांबत नाही, हे अभ्यासांतून दिसून आलेले आहे. ऑइल पेंट, डांबर आणि शेण तर मुळीच लावू नये. त्यांच्याखाली ओल कोंडते. मात्र विदर्भात बोर्डो मलमाची परंपरा पक्की आहे आणि मला ती पूर्ण टाकवत नाही. साल फाटली असेल, किंवा नाइलाजाने पावसाच्या तोंडावर मोडकी फांदी काढावी लागली असेल, तर मी एक पातळ हात देतो. बागायतदार एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी असे प्रमाण धरतात. घरासाठी प्रत्येकी 100 ग्रॅम आणि एक लिटर पाणी पुरते. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत भिजवून, गार झाल्यावर एकत्र करावा. लोखंडी भांडे वापरू नये. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घालावा. मलम त्याच दिवशी संपवावे.

याहून महत्त्वाचा आहे साधा चुना. छाटणीमुळे आतल्या ज्या फांद्या आणि खोडाचा जो भाग प्रथमच नैर्ऋत्येच्या उन्हात उघडा पडला, त्यावर मार्च संपण्यापूर्वी पातळ चुन्याचा हात द्यावा. पांढरा रंग ऊन परतवतो आणि साल भाजत नाही.

काही झाडांविषयी

बोटाएवढी फांदी कापताना फुलांचे वेळापत्रक पाहावे, मनगटाएवढी कापताना हवामानाचे. लहान जखम कोणत्याही ऋतूत लवकर मिटते, म्हणून एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंतचा काळ सोडून ती फुले ओसरल्यावर केव्हाही करता येते. मोठी जखम मात्र माघ-फाल्गुनातच, मग त्या वर्षी थोडी फुले बुडाली तरी चालतील.

गुलमोहराचे लाकूड ठिसूळ, मुळे उथळ आणि घेर छत्रीसारखा आडवा. त्याची उंची सहसा प्रश्न नसते, आडव्या फांद्यांच्या टोकांचे वजन प्रश्न असते. ते वर सांगितल्याप्रमाणे उपफांदीपर्यंत मागे घ्यावे. बहाव्याला छाटणी फारशी मानवत नाही आणि लागतही नाही; जुन्या शेंगा व सल काढली की पुरे. ताम्हण, म्हणजे आपले राज्यपुष्प, नव्या फुटीच्या टोकाला फुलते, म्हणून फेब्रुवारीतली छाटणी त्याला उलट फायद्याची ठरते. कांचनाचे दोन प्रकार घरोघरी आहेत. दिवाळीच्या आसपास फुलणारा कांचन जानेवारीत छाटावा, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण होऊन फुलणारा कांचन फुले झडताच, ऊन कडक होण्यापूर्वी, हलकाच छाटावा.

वॉल कंपाउंडच्या कडेने लावलेले उंच अशोक (खरे तर खोटे अशोक) नागपुरात सर्वांत जास्त छळले जातात. शेंडा तोडला की त्या जागी चार-पाच शेंडे निघतात आणि वरचा भाग झाडूसारखा होतो. शेंडा आधीच तुटलेला असेल तर नव्या शेंड्यांतील सर्वांत सरळ एक ठेवून बाकीचे लहान असतानाच काढावेत. सप्तपर्णीच्या फांद्या एकाच पातळीवर चक्राकार निघतात. एका चक्रातील सगळ्या फांद्या एकाच वर्षी काढल्या तर खोडाभोवती जवळजवळ पूर्ण कडे सोलल्यासारखे होते, म्हणून एकाआड एक काढाव्यात. चाफा, सप्तपर्णी आणि बेंजामिना (वड-पिंपळाच्या गोतातील शोभेचे झाड) यांचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. कण्हेरीचे सर्व भाग विषारी आहेत. तिच्या काड्या जाळू नयेत आणि बकऱ्यांपुढे टाकू नयेत.

मोरपंखीच्या आतील तपकिरी, निष्पर्ण भागातून पुन्हा फूट येत नाही, तेव्हा तिला हिरव्या थराच्या आतच कातरावे. बॉटल ब्रशही वाळलेल्या फुलांच्या लगेच मागे, पाने असलेल्या भागातच छाटावा. पामला वाढीचे टोक एकच असते, ते कापले की झाड संपले. त्याची फक्त वाळून लोंबणारी झापे काढावीत. भिंतीला चिकटून लावलेल्या बेंजामिनाची मुळे फरशी उचलत असतील तर वरची छाटणी कितीही केली तरी मुळे थांबणार नाहीत. तेथे परवानगी घेऊन झाडच बदलण्याचा विचार करावा.

मजुरांकडून काम करवून घेताना

दर ठरवण्यापूर्वी कोणत्या फांद्या कोठे कापायच्या ते चुन्याने किंवा रंगीत चिंधीने खुणावून दाखवावे, आणि शक्यतो लाकडाच्या मोबदल्यात काम देऊ नये. ज्याला लाकूड न्यायचे आहे तो जाड फांदीच आधी पाहणार. कुऱ्हाड घेऊन आलेल्या माणसाला करवत आपण पुरवावी. पायात काटेरी खिळे बांधून चढणाऱ्यास नकार द्यावा, कारण प्रत्येक पावलागणिक खोडाला एक नवी जखम होते. कामाच्या वेळी आपण स्वतः खाली उभे राहावे. चहा करायला आत गेलेल्या दहा मिनिटांत पश्चिमेची अख्खी फांदी गेल्याचे मी पाहिले आहे.

छाटणीनंतरचा उन्हाळा आणि पावसाळा

निघालेला पालापाचोळा जाळू नये. काड्यांचे बारीक तुकडे करून ते आळ्यात पाच-सात सेंटिमीटर जाडीने पसरावेत, मात्र खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडावी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा बारीक मुळे तुटतात; हे आच्छादन ती भेगाळणे पुष्कळ कमी करते. पाणी बुंध्याशी न देता पानोऱ्याच्या परिघाखाली, दर दहा-बारा दिवसांनी, पण मनसोक्त द्यावे. युरिया किंवा अन्य नत्रखत त्या वर्षी देऊ नये, त्याने केवळ पाणसोट पोसले जातात.

जुलैत, पाऊस लागल्यानंतर, कापांच्या आसपास कोवळे फुटवे दिसू लागतील. ते चार-सहा बोटे लांबीचे असताना अंगठ्याने खाली दाबून मोडावेत. कात्रीने कापल्यास तळाशी डोळे (सुप्त कळ्या) राहतात आणि दुप्पट फुटवे येतात. सगळे मात्र काढू नयेत. जेथे पानोऱ्यात मोठी पोकळी पडली आहे तेथे बाहेरच्या दिशेने जाणारा एखादा फुटवा ठेवावा, पुढच्या संक्रांतीला तो किती जाड झाला ते पाहून दुसऱ्या वर्षाच्या खुणा कराव्यात. चाफ्याच्या छाटलेल्या फांद्या तर फेकूच नयेत. चीक पूर्ण वाळेपर्यंत त्या आठ-दहा दिवस सावलीत ठेवाव्यात आणि मग रेताड मातीच्या कुंडीत, अगदी बेताने पाणी देत, लावाव्यात.